जर्मनी : नव्याने आलेल्या मुस्लिम मुलांसाठी चौथीचं वर्ष एवढं निर्णायक का ठरतं?

जर्मनीत पहिलीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात पुठ्ठ्याचा एक मोठा रंगीत कोन असतो. त्याला 'शुल्ट्यूटे' म्हणतात. आत गोळ्या, चॉकलेट, रंगपेट्या असतात आणि तो आईवडिलांनी घरून भरून आणायचा असतो. सीरिया किंवा अफगाणिस्तानातून आलेल्या कुटुंबाला ही पद्धत कोणी सांगितलीच नाही, तर वर्गाच्या फोटोत एकाच मुलाचे हात रिकामे दिसतात. सांगितली, तर पुढचा प्रश्न येतो. तिथल्या अनेक जेलीच्या गोळ्यांमध्ये डुकराचं जिलेटिन असतं. मग कोनात भरायचं काय?

२०१५ या एका वर्षात जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला आले. सर्वाधिक सीरियातून आणि त्याखालोखाल अफगाणिस्तान, इराकसारख्या देशांतून. त्या वर्षी आश्रयासाठी अर्ज केलेल्यांमध्ये तिघांपैकी साधारण एक जण १८ वर्षांखालचा होता. म्हणजे शाळांच्या दारात अचानक लाखो मुलं उभी राहिली.

तेव्हापासून या मुलांवर जी चर्चा होते ती बहुतेक वेळा हिजाब, पोहण्याचा तास आणि डब्यातलं मांस यांभोवती फिरते. पण मुलाचं पुढचं आयुष्य ज्यावर ठरतं ती गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्यावर टीव्हीवर फारसे वाद होत नाहीत.

शाळेत कधी जायचं? ते पत्त्यावर ठरतं

जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. राज्यं १६ आणि नियमही तितकेच. निर्वासित मुलाला बर्लिनमध्ये आल्याबरोबर शाळेची सक्ती लागू होते, बव्हेरियात तीन महिन्यांनी, तर बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये सहा महिन्यांनी. युरोपियन युनियनचा २०१३ चा नियम सांगतो की, शिक्षणाची सोय तीन महिन्यांपेक्षा जास्त लांबवता येणार नाही. पण सोय असणं वेगळं आणि सक्ती असणं वेगळं. छावणीतून छावणीत हलवलं जाणारं कुटुंब ही सोय शोधत बसेलच असं नाही. त्यातच या मुलांपैकी अनेकांची वर्षं युद्धात आणि वाटेत गेलेली असतात. नऊ वर्षांच्या मुलाने कधी वर्गच पाहिलेला नाही, असंही घडतं.

धर्माचे प्रश्न कसे सुटतात?

आपल्याकडे वाचताना नवल वाटेल, पण जर्मनीच्या सरकारी शाळांमध्ये धर्म हा वेळापत्रकातला विषय आहे. राज्यघटनेच्या सातव्या कलमातच तशी तरतूद आहे. मुलाने त्या तासाला बसायचं की नाही, हे पालक ठरवतात. कॅथलिक मुलं एका वर्गात जातात, प्रोटेस्टंट दुसऱ्या. मुस्लिम मुलांसाठी अनेक ठिकाणी नीतिशिक्षणाचा तास असतो. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने २०१२ मध्ये इस्लाम हा नियमित विषय म्हणून सुरू केला. इतका उशीर का? अभ्यासक्रमाचा धार्मिक भाग ठरवायला सरकारला धर्माची अधिकृत संस्था समोर लागते. ख्रिश्चनांकडे चर्च आहे, मुस्लिमांकडे तशी एकच एक संस्था नाही. तिथली सर्वांत मोठी मशीद संघटना तुर्कस्तान सरकारच्या धार्मिक खात्याशी जोडलेली असल्याने तिच्यावरूनही वाद आहेत.

हिजाबबाबत फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत बंदी घातली आणि २०२३ मध्ये अबायाही बंद केला. जर्मनीत विद्यार्थिनींवर अशी देशव्यापी बंदी नाही. पोहण्याच्या तासाचा वाद मात्र सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, मुलीने मुलांबरोबरच्या तासाला यायलाच हवं, हवं तर अंगभर पोहण्याचा वेश, म्हणजे बुर्किनी घालावी. ईदच्या दिवशी तर बहुतेक ठिकाणी अर्ज देऊन सुट्टी मिळते.

थोडक्यात, हे प्रश्न सोपे नाहीत, पण त्यांच्यासाठी कोर्ट आहे, मुख्याध्यापक आहेत, मधला मार्ग आहे.

आणि मग येते चौथी

बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, मुलांची विभागणी होते. विद्यापीठाची वाट असलेलं 'गिम्नाझियम' एका बाजूला आणि कारागिरी, नोकरीकडे नेणाऱ्या शाळा दुसऱ्या बाजूला. पुढे वाट बदलता येते, पण वर चढणं खाली येण्यापेक्षा अवघड असतं.

बव्हेरियात गिम्नाझियमसाठी जर्मन, गणित आणि आपल्या 'परिसर अभ्यासा'सारखा एक विषय यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. तिथे १ हा सर्वोत्तम आणि ६ सर्वांत वाईट गुण. तीन विषयांपैकी एक थेट जर्मन आणि उरलेले दोन जर्मनमधून. गणितही भाषेतूनच येतं, शाब्दिक उदाहरण समजलं नाही तर बेरीज येऊन उपयोग नाही. नव्याने आलेल्या मुलांसाठी सवलतीची तरतूद आहे, पण तिच्यासाठी शिक्षकाला मुलाची कुवत दिसावी लागते.

आता साधा हिशेब करू. भाषेचे कॅनेडियन अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं आहे की, नव्या देशातलं मूल मैदानावरची, गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत उचलतं, पण धड्याची, परीक्षेची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आठव्या वर्षी आलेल्या मुलाकडे असतात दोन वर्षं. त्यातलं एखादं वर्ष निव्वळ जर्मन शिकवणाऱ्या वेगळ्या वर्गात जातं. खेळताना अस्खलित बोलणारं मूल पेपरात मागे पडलं की शिक्षकाला वाटतं, भाषा तर येते, म्हणजे डोकंच बेताचं असणार.

ही चूक जुनी आहे. जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार करार केला. हे 'पाहुणे कामगार' परत जातील असं गृहीत धरून बव्हेरियासारख्या राज्यांनी त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं मातृभाषेच्या वेगळ्या वर्गांत बसवलं. बरेच जण परत गेलेही, पण अनेक कुटुंबं तिथेच राहिली. मुलं मात्र मागे पडली.

कोलोनच्या फोर्ड कारखान्यातल्या अशाच एका कामगाराचा मुलगा चार वर्षांचा असताना जर्मनीत आला. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाने त्याला खालच्या शाळेची शिफारस केली. शेजारच्या एका जर्मन गृहस्थांनी मध्ये पडून त्याला गिम्नाझियममध्ये जाऊ दिलं. तो मुलगा म्हणजे उगुर शाहिन, कोव्हिडची लस बनवणाऱ्या बायोएनटेक कंपनीचे सहसंस्थापक. ही गोष्ट कर्तबगारीची म्हणून सांगितली जाते. खरं तर ती शेजाऱ्याची आहे. प्रत्येकाला असा शेजारी मिळत नाही.

उपाय काय झाले?

ऑगस्ट २०२४ पासून जर्मनीने मागे पडलेल्या सुमारे चार हजार शाळांसाठी दहा वर्षांत २० अब्ज युरोंची योजना सुरू केली. भर प्राथमिक शाळांवर आहे. पैसा गरजेचाच, पण चौथीची विभागणी आहे तिथेच आहे.

हा प्रश्न मराठी घरांपासूनही लांब नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. उद्या नर्स किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून कोणी मुलांसकट गेलं, तर याच चाळणीतून त्यांनाही जावं लागेल, घरात मराठी असो की अरबी. फरक एवढाच की, आपला माणूस नोकरीचं पत्र आणि थोडीफार जर्मन घेऊन जाईल.

विभागणी पुढे ढकलता येते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीनंतर होते. हॅम्बुर्गनेही २०१० मध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत नेण्याचं ठरवलं होतं. विधानसभेतल्या सगळ्या पक्षांचा त्याला पाठिंबा होता. विरोध केला तो आपल्या मुलांची गिम्नाझियमची वाट लांबेल या भीतीने एकत्र आलेल्या पालकांनी. सार्वमत झालं आणि प्रस्ताव पडला. सधन वस्त्यांत मतदान भरघोस झालं, गरीब वस्त्यांत कमी. ज्यांच्या मुलांना ती दोन वर्षं सर्वांत जास्त हवी होती, त्यातल्या अनेक आईवडिलांकडे जर्मन नागरिकत्व नव्हतं, त्यामुळे मतही नव्हतं.