विश्लेषण : इटलीत स्मारक, पण माणगावच्या व्हीसी विजेत्याची आठवण पुढच्या पिढीला कोण सांगणार?

इटलीतील मोंतोने या छोट्या गावात जुलै २०२३ मध्ये एका सूर्यघड्याळाचे अनावरण झाले. ते नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातला हा तरुण दुसऱ्या महायुद्धात तिथे लढताना मारला गेला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. तालुक्याबाहेर मात्र हे नाव किती जणांना सांगता येईल?

नेमके काय घडले होते?

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन चढाई करत होती. मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली. नवे मॅगझिन भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने मारले. लगेच शत्रूच्या गोळीने तेही पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्ञात कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले.

मग विस्मरण का?

कारण अवघड आहे. १९४२ मध्ये ‘चले जाव’ सुरू असताना हे जवान ब्रिटिशांच्या सैन्यात होते आणि १९४४ मध्ये आझाद हिंद सेना त्याच सैन्याविरुद्ध लढत होती. स्वातंत्र्याच्या गोष्टीत त्यांना कुठे बसवायचे, हे आपण ठरवलेच नाही. (सैन्यात जाण्यामागे अनेकदा पोटाचा प्रश्न होता, हेही विसरून चालणार नाही.) शाळेत ही गुंतागुंत लपवून फक्त शौर्य शिकवले, तर मुले दुसऱ्याच दिवशी विसरतील. ‘ते कोणासाठी लढले?’ हा प्रश्न वर्गात विचारला, तर वाद होईल आणि तो लक्षात राहील.

सुरुवात गावातूनच करता येते. महाराष्ट्रातील अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढेच आकडे असतात. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर मात्र नावाने शोध घेता येतो. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही सापडते. स्पेलिंग इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे असते, त्यामुळे दोन-तीन प्रकारे शोधून पाहावे.