सरपंचांच्या घरचा जार

मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत लग्नसराईत मांडवाच्या कोपऱ्यात थंड पाण्याचे जार आणि अर्धवट प्यायलेल्या दोनशे मिलीच्या बाटल्या हमखास दिसतात. बाटलीवर पुष्कळ लिहून झाले. २०१८ च्या प्लास्टिकबंदीतही तिची चर्चा झाली. जार सुटतो, कारण तो धुऊन पुन्हा भरला जातो आणि कचऱ्यात दिसत नाही. या अंकात रोख त्याच्याकडे आहे.

सीलबंद बाटलीवर परवाना क्रमांक असतो, बॅच असते. सुट्या जारला सीलच नाही, म्हणून तो ‘पॅकेज्ड’ पाण्याच्या व्याख्येतून निसटतो. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. पुढे टाकी, टेम्पो, तोटी आणि तांब्या बुडवणारा हात, एवढ्या प्रवासात त्या पाण्याला कसलेच संरक्षण नसते. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला का, हे जलसुरक्षक म्हणून तुम्ही पाहता. जारच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाका, पिवळा रंग येणार नाही. गिऱ्हाईक मात्र क्लोरीनचा वास नाही म्हणूनच त्याला शुद्ध समजते.

हे पाणी बहुतेक येते बोअरमधून. आपला खडक बेसाल्ट. पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, तेही बेताचे. आरओतून निघालेले क्षारयुक्त पाणी, यंत्र कसे चालवले आहे त्यानुसार कधी उपशाच्या निम्म्याहूनही जास्त, नालीत जाते. शेजारच्या विहिरीने तळ गाठला की दोष पावसाला.

पण सगळ्यांत मोठी किंमत ग्रामसभेत मोजली जाते. तीस रुपयांचा एक जार रोज धरला तरी वर्षाचे १०,९५० रुपये होतात. तेवढे सहज देणारे घर पाणीपट्टीला कुरकुरते आणि नळ गढूळ आला तरी बोलत नाही. त्याला नळाचे पाणी प्यायचेच नसते. ज्यांच्या शब्दाला वजन आहे तीच माणसे नळ सोडून गेली, तर मजुराच्या घरच्या पाण्यासाठी भांडणार कोण? सरपंचांच्या घरी जार आला की व्हॉल्व्हची गळती दुरुस्त व्हायला आणखी एक उन्हाळा लागतो. (तालुक्याच्या पाणीपुरवठा बैठकीत टेबलावर काय ठेवलेले असते, ते वाचकांनी स्वतः आठवावे.)

जलसुरक्षक आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमची सूचना साधी आहे. रोजची ओटी वही कपाटात न ठेवता आकडा पंचायतीच्या फळ्यावर लिहा. गावात येणाऱ्या जारचा नमुनाही नळासाठी वापरता त्याच फील्ड टेस्ट किटने, जिवाणू तपासणीच्या बाटलीसह, तपासा आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी लावा. नळ नापास झाला तर तेही लावा; लपवाछपवीनेच गिऱ्हाईक जारकडे गेले आहे. मात्र त्याआधी टीसीएलचे (ब्लीचिंग पावडरचे) पोते उघडून बघा. दमट खोलीत वर्षभर पडलेल्या पावडरीत क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर ती नेहमीच्या मापाने ओतून फळ्यावर लिहिण्याजोगा आकडा मिळणार नाही.