गिअर अडकतोय? लगेच गिअरबॉक्स उतरवू नका

जुन्या प्रीमियर पद्मिनीत घरातली लहान मुले बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचा गिअर कुठे आहे?" गिअरची दांडी स्टिअरिंगच्या चाकाखालीच असते, म्हणून पुढच्या लांब सीटवर तिघे आरामात मावतात. पण याच सोयीमुळे या गाडीचे स्टिअरिंग आणि गिअर एकमेकांत गुंतलेले आहेत. एकाला हात लावला की दुसऱ्यालाही लावावा लागतो.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी बनवली. आधी ती फियाट ११०० होती, १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण घराघरांतल्या गाड्या अजून आहेत. आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीसारख्या जुन्या वस्तीत आजोबांची गाडी म्हणजे घरातलीच एक वडीलधारी. ती विकायला मन होत नाही आणि नुसती उभी ठेवली तर गंजते.

अशी गाडी बाहेर काढली की बहुतेक वेळा पहिली तक्रार येते ती गिअर अडकण्याची. लगेच कोणीतरी सांगते, "गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल." जरा थांबा!

आधी दांड्या तपासा

चाकाखालच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी सळ्या आणि सांधे असतात. त्या सांध्यांतले छोटे बुश झिजले की दांडी हलते, पण ती हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नीट पोहोचत नाही. गिअरबॉक्स धडधाकट असतो, बिघाड वाटेत असतो. म्हणून आधी एकाने आत बसून दांडी हलवावी आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून सांध्यांतला ढिलेपणा पाहावा. गाडी बंद असावी आणि हँडब्रेक ओढलेला असावा. क्लच पूर्ण सुटत नसेल तरीही गिअर पडत नाही, तेही पाहून घ्या. गिअर पडल्यावर गाडी गुरगुरत असेल किंवा चालता चालता गिअर निसटत असेल, तर मात्र गिअरबॉक्स उघडण्याची वेळ आली आहे.

उतरवायचेच ठरले तर

हे काम मिस्त्रींचे आहे. तरी तुम्ही शेजारी उभे राहा, कारण काही गोष्टी मालकानेच पाहायच्या असतात.

गाडी वर उचलल्यावर ती भक्कम लोखंडी स्टँडवर, सपाट आणि पक्क्या जमिनीवर असली पाहिजे. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका. गल्लीतला उतार त्यासाठी चालणार नाही.

सर्वांत आधी बॅटरीची तार काढावी, कारण हॉर्न आणि इंडिकेटरच्या तारा स्टिअरिंगजवळूनच जातात. मग पुढची चाके सरळ करून स्टिअरिंगचे चाक आणि आतला दांडा यांवर जुळती खूण करावी. चाक काढताना मधला नट सैल करून काही आटे तसाच ठेवतात, म्हणजे चाक एकदम सुटून तोंडावर येत नाही. चाक पुलरने काढावे. हातोडा मारला तर खालच्या स्टिअरिंग बॉक्सला धक्का बसतो. त्या बॉक्समधून निघणाऱ्या आर्मवरही अशीच खूण हवी.

गिअरबॉक्ससाठी आधी ऑइल काढतात. मग मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट खूण करून सोडवतात आणि स्पीडोमीटरची केबल व क्लचचा जोड वेगळा करतात. गिअरबॉक्स निघाला की इंजिनचा मागचा आधार जातो, म्हणून इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा लागतो. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा असतो. तो अर्धवट लटकत राहिला तर त्याचे सगळे वजन क्लच प्लेटवर येते आणि ती वाकते.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी चिकटवा. या गाडीचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे हरवलेला एक वॉशरही महागात पडतो.

जोडल्यावर घाई नको

स्प्लिट पिन आणि लॉक वॉशर नवेच घालायला सांगा. स्टिअरिंगचा ढिलेपणा कमी करायला बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो जास्त आवळला तर गाडी सरळ जाताना बरी वाटते, पण वळणावर चाक जड होते आणि अडकू शकते. म्हणून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहा. पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, हळू वेगात घ्या. पुरानी बस्तीच्या गल्लीत सायकली, गाई आणि शाळेतली मुले एकाच वेळी समोर येतात. तिथे सैल स्टिअरिंग म्हणजे थेट कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

मूळ रूप जपा

कोणी सुचवेल, "दांडी खाली फ्लोअरवर घेऊ, कटकट संपेल." त्यासाठी गाडीचा तळ कापावा लागला तर मूळ सांगाडा बदलतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करता येते. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, ती प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. १९७४ च्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे, तेव्हा कापाकापीआधी याचा विचार करा.

आणि मिस्त्रींना पहिला पाना लावू देण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या, "लागणारे सुटे भाग हाताशी आहेत का आणि गाडी परत कधी जोडाल?" उत्तर मिळेपर्यंत गाडी उघडू नका. अडखळत चालणारी गाडी आज ना उद्या दुरुस्त होते. पण खोलून ठेवलेली आणि अर्धे भाग पोत्यात गेलेली गाडी बहुतेक वेळा भंगारातच जाते.