अमेरिकेचें ‘सुवर्णयुग’ आणि त्याचे पुजारी

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत अमेरिकेविषयींचें एक पुराण अलीकडे फार आवडीनें सांगितलें व ऐकलें जातें. तें असें: दुसरें महायुद्ध संपलें, सैनिक घरीं परतले, त्यांनीं सरकारकडे कांहीं एक न मागतां कंबर कसली, आणि पंधरा-वीस वर्षांत प्रत्येकाच्या दाराशीं मोटार, स्वयंपाकघरांत फ्रिज व अंगणांत हिरवळ आली. पुरुष कमावीत होता, स्त्री घरांत सुखी होती, मुलें आज्ञाधारक होतीं. पुढें १९६० नंतर तरुण बिघडले, बायका बिघडल्या, काळे लोक हक्क मागूं लागले, आणि सुवर्णयुग लयास गेलें! व्याख्यानांतून, प्रवासवर्णनांतून आणि तिकडून सुटींत आलेल्या आप्तांच्या बैठकींतून हें पुराण आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याची फलश्रुतीहि आम्हांस तोंडपाठ झाली आहे: ‘तेथें कोणीं कोणाला फुकट दिलें नाहीं, आपणहि देऊं नये.’ पुराण म्हणून तें गोड आहे. पण त्याच्या आधारावर आजचे कर आणि आजच्या सवलती ठरवावयाच्या म्हटलें म्हणजे त्याची उलटतपासणी करणें प्राप्त होतें.

प्रथम ‘फुकट’ या शब्दाचाच हिशेब करूं. २२ जून १९४४ रोजीं, युद्ध चालू असतांनाच, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं परतणाऱ्या सैनिकांसाठींच्या एका कायद्यावर सही केली. ‘जी. आय. बिल’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. १९५६ पर्यंत सुमारें ७८ लाख सैनिकांनीं त्याच्या आधारें शिक्षण घेतलें. पैकीं २२ लाख कॉलेजांत गेले. फी सरकारनें भरावी, पुस्तकें सरकारनें द्यावीं, वर पोटापुरता तनखाहि सरकारनेंच द्यावा, आणि घर घ्यावयाचें झाल्यास सावकाराला हमीहि सरकारनेंच द्यावी, असा तो मामला होता. शेतकऱ्याचा व गिरणीकामगाराचा मुलगा इंजिनिअर झाला तो या वाटेनें. १९५६ सालीं आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दींत ४१,००० मैल राजमार्ग बांधण्याचा कायदा झाला. त्याच्या खर्चाचा शेंकडा ९० वांटा मध्यवर्ती सरकारनें उचलला. हे आयझेनहॉवर कांहीं समाजवादी नव्हते! याच दशकांत सर्वांत मोठ्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर शेंकडा ९१ प्राप्तिकर होता. (पळवाटा तेथेंहि होत्या, आणि पुरता ९१ भरणारे थोडेच, परंतु एवढा दर ऐकून आमच्या आप्तांना भोंवळ येईल, हें खास.) दशकाच्या मध्यास कामगारांपैकीं सुमारें एक-तृतीयांश लोक संघटित होते. युरोप व जपान यांचे कारखाने बेचिराख झालेले असल्यामुळें स्पर्धेला कोणी उरला नव्हता, हेंहि विसरतां येत नाहीं. मग ‘कोणीं कोणाला फुकट दिलें नाहीं’ हें वाक्य उरतें कोठें?

आतां त्या सुप्रसिद्ध हिरवळीकडे वळूं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्यांच्या शेतांत १९४७ सालीं विल्यम लेव्हिट यानें घरें बांधावयास आरंभ केला आणि १९५१ पर्यंत १७,००० हून अधिक घरें उभीं केलीं. कारखान्यांत मोटार पुढें सरकते व कामगार जागीं उभा असतो. येथें घर जागीं असे आणि कामगारांच्या टोळ्या सरकत. एका टोळीनें केवळ पाया घालावा, दुसरीनें केवळ फरशी, तिसरीनें केवळ रंग, अशा क्रमानें भरांत दिवसाला तीसवर घरें पुरीं होत. १९४९ सालीं घराची किंमत ७,९९० डॉलर होती. १९५० च्या नमुन्यांत तर जिन्याच्या भिंतींतच टेलिव्हिजन बसविलेला असे. कुंपण घालूं नये, गवत वेळच्या वेळीं कापावें, शनिवार-रविवारीं कपडे वाळत टाकूं नयेत, असले नियमहि होते. त्यांची थट्टा करणें सोपें आहे. आम्ही ती करणार नाहीं. युद्धानंतर सासू-सासऱ्यांच्या एका खोलींत संसार मांडलेल्या जोडप्याला चार खोल्यांचें स्वतःचें घर मिळावें, ही गोष्ट लहान नव्हे.

पण त्या घरांच्या आरंभींच्या भाडेपट्ट्यांत एक कलम होतें. गौरवर्णीयांखेरीज अन्य कोणास ही जागा वापरूं अगर तींत राहूं देतां येणार नाहीं, असें तें कलम स्पष्ट सांगे, आणि लगेच पुढें एक सवलत देई: घरकामाचे नोकर तसे नसले तरी हरकत नाहीं. हें वाचून आमच्या वाचकांपैकीं कोणास आपल्या जुन्या वाड्याच्या मागील दाराची आठवण झाली, तर तो दोष आमचा नव्हे.

हा एकट्या लेव्हिटचा लहरीपणा होता असें कोणी म्हणेल, तर तेंहि खरें नाहीं. कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी गृहखात्याच्या १९३० नंतरच्या दशकांतील नियमपुस्तिकेंतच अशा अटींची शिफारस होती. १९४८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या अटी न्यायालयांतून अंमलांत आणतां येणार नाहींत असा निर्णय दिला. तरी व्यवहार चालूच राहिला. दक्षिणेंत तर सैनिकांचा कायदाहि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातीं होता. मिसिसिपी राज्यांत १९४७ सालीं सैनिकांना हमीचीं ३,२२९ कर्जें मिळालीं, त्यांतलीं कृष्णवर्णीयांच्या वांट्याला दोन आलीं. दोन शेंकडे नव्हेत, दोन! पेन्सिल्व्हेनियांतील दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्यें ऑगस्ट १९५७ मध्यें विल्यम व डेझी मायर्स हें कृष्णवर्णीय दांपत्य आपल्या मुलांसह राहावयास आलें. विल्यम हा महायुद्धांतला सैनिक, डेझी शिक्षिका. म्हणजे पुराणांतील सर्व लक्षणें जुळलेलीं होतीं. तरी त्यांच्या दारासमोर दिवसचे दिवस जमाव जमत असे. खिडक्यांवर दगड आले, आणि जमावाला आवरण्यासाठीं राज्य सरकारला न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवावा लागला. हे मायर्स पति-पत्नी १९६० नंतर ‘बिघडलेले’ नव्हते. ते सुवर्णयुगांतच सुवर्णयुग मागत होते.

स्त्रीच्या सुखाविषयीं थोडक्यांत लिहितों. युद्धकाळांत कारखान्यांत शिरलेल्या स्त्रियांना सैनिक परततांच घरीं पाठविण्यांत आलें. दशकाच्या मध्यास मुलींच्या प्रथम विवाहाचें वय विसाच्या आसपास उतरलें. पण त्याच वर्षांत नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांची संख्या वाढतच होती, हें पुराणिक सांगत नाहींत. जाहिरातींतली गृहिणी घरांत हंसत होती; खरी गृहिणी फ्रिजचे हप्ते फेडण्यासाठीं दुकानांत उभी होती. बेटी फ्रीडन हिनें १९५७ सालीं आपल्या कॉलेजच्या मैत्रिणींना प्रश्नावली पाठविली. त्यांच्या उत्तरांतून सुरू झालेल्या शोधाचें पुस्तक १९६३ सालीं निघालें आणि घरोघर गेलें. सुखी माणसें अशीं पुस्तकें विकत घेत नाहींत.

दुसऱ्या बाजूला, हें सर्व ‘भोगवादी दलदल’ म्हणून नाक मुरडणारे आमचे कांहीं मित्र आहेत. त्यांच्याशींहि आमचें जमत नाहीं. १९५० सालीं शेंकडा ९ घरांत असलेला टेलिव्हिजन १९६० सालीं शेंकडा ८७ घरांत गेला, म्हणून संस्कृति बुडाली, असें त्यांस वाटतें. ज्यांनीं आयुष्यांत कधीं घरचें धुणें धुतलें नाहीं, त्यांनीं कपडे धुण्याच्या यंत्राचा अध्यात्माच्या दृष्टीनें निषेध करूं नये. खरी चूक गॅलब्रेथ यांनीं १९५८ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविली: खाजगी घरांत सुबत्ता, आणि शाळा, रस्ते, हवा या सर्वांच्या मालकीच्या गोष्टींत मात्र दारिद्र्य. (हेच गृहस्थ पुढें १९६१ ते १९६३ दिल्लींत अमेरिकेचे राजदूत होते. त्यांच्या ओळखीच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ सांगतात. ग्रंथ वाचलेले थोडे भेटतात.) मायकेल हॅरिंग्टन यांनीं १९६२ सालीं त्या सुबत्तेंत न दिसणाऱ्या कोट्यवधि गरिबांविषयीं लिहिलें, तेव्हां वाचकांना आश्चर्य वाटलें, यांतच सर्व आलें.

आतां आपल्या आप्तांची गोष्ट. १९६५ सालीं अमेरिकेनें देशवार कोट्याची जुनी वर्णनिष्ठ पद्धति मोडली, तेव्हां तेथील दार मराठी डॉक्टर-इंजिनिअरांना खऱ्या अर्थानें उघडलें. तो कायदा ज्या वातावरणांत झाला, तें ‘हक्क मागूं लागलेल्या’ त्या काळ्या लोकांच्या चळवळीनें निर्माण केलें होतें. न्यू जर्सींत लेव्हिटनें तिसरी वसाहत काढली, तिचीं दारें उघडण्यासाठीं १९६० सालीं तेथील न्यायालयाला निर्णय द्यावा लागला होता. त्याच राज्यांत आज मराठी घरांतून गणपति बसतात, आणि आरती झाल्यावर प्रसाद खात ‘आम्ही केवळ गुणवत्तेवर आलों’ असें सांगितलें जातें. गुणवत्ता होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण वर्ण पाहून घर नाकारण्यास देशभर मनाई करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनीं ११ एप्रिल १९६८ रोजीं सही केली. मार्टिन ल्यूथर किंग यांना मेंफिस येथें गोळी लागून तेव्हां बरोबर एक आठवडा झाला होता.