गुणदोष हा एकच शब्द आहे

भाषा-अंकाच्या अग्रलेखात काय असणार, हे सीमाभागातल्या वाचकाला आता पाठ झाले आहे. मराठी शाळा, दुकानांवरचे फलक, सरकारी कागदपत्रांची भाषा आणि मुंबईच्या पुढाऱ्यांची आश्वासने. हे सारे प्रश्न शिल्लक आहेत आणि आम्ही ते सोडलेले नाहीत. पण आज आम्ही एका शब्दाविषयी लिहिणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘फितूर’. पुढारी व्यासपीठावर आला की आपण त्याच्या गळ्यात हार घालतो. तो रिकाम्या हाताने परत गेला की त्याला फितूर ठरवतो. हार आणि शिवी यांच्या मध्ये काही असू शकते, हे आपल्या सभांच्या भाषेला जणू ठाऊकच नाही. या सवयीची किंमत काय पडते, हे समजून घ्यायचे तर ग्वाल्हेरचे १८५८ हे वर्ष उघडून पाहावे.

ग्वाल्हेर आपल्याला परके नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला, तो शहराचा भाग आजही ‘लष्कर’ याच नावाने ओळखला जातो. १९६१ चे मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले आणि कुसुमावती देशपांडे संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई तर आपल्या शेजारच्या कागलच्या घाटग्यांची लेक. बायजाबाईंच्या मथुरेतील यज्ञात दक्षिणा मिळेल, या आशेने वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेला निघाले आणि भर धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक मराठीला त्यातून लाभले.

त्या धामधुमीत ग्वाल्हेरला समोरासमोर आलेली प्रमुख माणसे मराठी होती. एका बाजूला महाराज जयाजीराव शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे. दुसऱ्या बाजूला झाशीची राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे. भाषा एक होती, म्हणून बाजू एक झाली नाही. मराठी बोलतो म्हणजे आपला, या समजुतीवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे आधी नीट ध्यानात घ्यावे.

जयाजीरावांविषयीचा लोकमताचा निकाल सर्वांना माहीत आहे. कोवळ्या वयात दत्तक आलेला हा राजा त्या वेळी तेविशी-चोविशीत होता. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ तो तात्या आणि राणी यांच्या फौजेला आडवा गेला. त्याच्याच सैन्यातील बहुतेक शिपाई पलीकडे जाऊन मिळाले आणि महाराजांना दिवाणासह आग्र्याचा रस्ता धरावा लागला. २० जूनला इंग्रजांच्या पाठबळावर ते परत गादीवर आले. हा खर्चाचा रकाना आहे, आणि तो खोडण्याचा आमचा विचार नाही.

पण जमेच्या बाजूलाही नोंदी आहेत. जून १८५७ मध्ये मुरारच्या छावणीत कंटिन्जंट फौज उठली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची कत्तल झाली. तेव्हा जीव वाचवून पळालेल्यांना, त्यांत बायकामुलेही होती, याच जयाजीरावांनी आग्र्याकडे सुखरूप पोहोचू दिले. शत्रूच्या मुलाबाळांवर हात न टाकणे हा आपल्याकडे थोरांचा गुण मानला जातो. तो शिंद्यांनी दाखवला तर त्याचे नाव बदलू नये.

दिनकररावांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. रत्नागिरीकडचा हा माणूस दिवाण झाला तेव्हा १८४३ च्या महाराजपूर आणि पनिहारच्या लढायांनंतर राज्याची घडी पार विसकटलेली होती. त्याने जाचक कर उठवले, महसूल आणि पोलीस खात्यांना वळण लावले, पगार कमी केले आणि त्यात स्वतःचाही केला. तुटीचे राज्य शिलकीत आणले. असा कारभारी आज कोणत्या राज्याला नको आहे? आणि हाच कारभारी १८५७-५८ मध्ये आपली सारी बुद्धी महाराजांना इंग्रजांच्या बाजूला धरून ठेवण्यासाठी खर्चत होता. त्याचा चोख कारभार आणि त्याची राजनिष्ठा एकाच डोक्यातून निघाली होती. घडी बसवायला वर्षे लागतात हे त्याला माहीत होते, म्हणून घडी मोडणाऱ्या प्रत्येकाची त्याला धास्ती होती. हे समजून घेणे म्हणजे त्याची बाजू घेणे नव्हे.

आता पलीकडची पाने. रावसाहेब आणि तात्या यांनी जे केले ते अचाट होते. काल्पी पडली होती, फौज विस्कळीत झाली होती. अशा वेळी आठ-दहा दिवसांत ग्वाल्हेरसारखी राजधानी, तिचा खजिना आणि तिचा किल्ला हाती घेणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. पण ३ जूनला फुलबागेत दरबार भरला आणि त्यानंतरचे जेमतेम दोन आठवडे जेवणावळी, मानपान आणि दानदक्षिणा यांत गेले. राणीने त्यावर नापसंती दाखवल्याचे तिच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. १६ जूनला सर ह्यू रोझ मुरारला येऊन धडकला. १७ जूनला, काही नोंदींप्रमाणे १८ जूनला, कोटा की सराय येथे राणी पडली. जे दोन आठवडे मोर्चे बांधण्यात जायला हवे होते, ते पंगती उठवण्यात गेले.

आणि खुद्द राणी? तिच्या मरणाची बरोबरी त्या वर्षातल्या कोणालाही करता येणार नाही. तरीही जून १८५७ मध्ये तिने जबलपूरच्या कमिशनर अर्स्किनला पत्रे लिहिली होती आणि त्याने तिला झाशीची व्यवस्था पाहण्यास सांगितले होते. कोणी तेवढेच पान फाडून दाखवले तर तिच्याही नावापुढे आपण तो शब्द लिहिणार काय? ती वर्षभरात जिथे पोहोचली, त्यावरून तिची उंची मोजायची. तीच सवलत इतरांना द्यायची की नाही, हा प्रश्न आहे.

कारण पुढची पानेही आहेत. इंग्रजांनी जयाजीरावांना तीन लाखांचा मुलूख आणि पायदळ तीन हजारांवरून पाच हजारांवर नेण्याची परवानगी दिली. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र स्वतःच्या ताब्यात ठेवला. तो १८८६ मध्ये, झाशी शहराच्या बदल्यात, शिंद्यांना परत मिळाला. निष्ठेच्या बदल्यात स्वतःच्या राजधानीवर अठ्ठावीस वर्षे परक्याच्या तोफा! आणि १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप ठेवून आयोग नेमला गेला, तेव्हा त्यावर जयाजीराव आणि दिनकरराव दोघेही होते. तिघा इंग्रज सभासदांनी गायकवाडांना दोषी ठरवले. हे दोघे आणि जयपूरचे महाराज यांनी आरोप सिद्ध झाल्याचे मान्य केले नाही. सरकारने गायकवाडांना तरीही काढले, ती गोष्ट वेगळी. १८५८ मध्ये ज्यांना आपण कायमचे लिहून टाकले, त्यांनी सतरा वर्षांनी सरकारच्या तोंडावर नकार दिला होता. हे आपल्यापैकी कितीजणांना शाळेत शिकवले गेले?

कोणी म्हणेल, मग काय साऱ्यांना माफ करायचे? मुळीच नाही. आमच्या मते १ जून १८५८ रोजी जयाजीराव चुकीच्या बाजूला उभे होते, आणि १८७५ च्या नकाराने ती चूक पुसली जात नाही. माफीचा हा प्रश्नच नव्हे, हिशेबाचा आहे. ‘फितूर’ हा शब्द हिशेब बंद करतो. एकदा सारा दोष शिंद्यांच्या माथी मारला की रावसाहेबांच्या त्या दोन आठवड्यांविषयी विचारायला कोणी उरत नाही. एकाला फितूर म्हटल्याने आपल्या बाकीच्या माणसांची झडती टळते. या शब्दाचा मोठा तोटा तो हाच.

आता सीमाभागाकडे वळू. १९६० हे वर्ष घ्या. यशवंतराव चव्हाणांनी मुंबईसह महाराष्ट्र आणला, हे जमेत. तो बेळगाव-कारवारशिवाय आला, हे खर्चात. दोन्ही नोंदी एकाच वर्षाच्या आणि एकाच माणसाच्या. पुढे महाजन आयोग महाराष्ट्राच्या मागणीवरून नेमला गेला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल महाराष्ट्रानेच नाकारला. या साऱ्याचा जाब मुंबईला जरूर विचारावा. पण २०१८ मध्ये समितीच्याच दोन गटांचे उमेदवार काही मतदारसंघांत एकमेकांसमोर उभे होते, तो जाब कोणाला विचारायचा? २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. ते काही केवळ मुंबईच्या फितुरीमुळे घडले नाही. आपल्यालाही फुलबागेतल्या पंगती नडल्या.

मराठीत ‘गुणदोष’ असा जोडशब्द आहे. दोन्ही एकत्र पाहावेत, असे आपली भाषाच सुचवते. आपण मात्र सभेत अर्धा शब्द वापरतो आणि सभा उठल्यावर उरलेला अर्धा. ग्वाल्हेरला फुलबागेजवळ राणीची समाधी आहे, आणि जयाजीरावांनी १८७४ मध्ये बांधलेला जयविलास राजवाडा तिथून फार दूर नाही. त्या शहराने दोन्ही वास्तू उभ्या ठेवल्या आहेत.

येत्या १ नोव्हेंबरला किंवा १७ जानेवारीला जे पुढारी येतील, त्यांचे स्वागत आपण जरूर करावे. हार घालण्याआधी मात्र गेल्या वर्षाचा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवावा. किती मराठी शाळा त्यांनी वाचवल्या, किती वेळा सभागृहात तोंड उघडले, किती वेळा गप्प राहिले. जे केले त्याबद्दल मोकळेपणाने आभार मानावेत आणि जे राहिले ते त्यांच्या समोरच वाचून दाखवावे. आणि तोच कागद, तितक्याच मोठ्या आवाजात, आपल्या स्थानिक नेत्यांपुढेही वाचावा.