अशुद्धही शुद्धच हवं

माझ्या लेकीचे तीन गुण 'च'मुळे गेले आणि दोन 'ळ'मुळे. स्पर्धा आमच्या शहरातल्या एका मंडळाची, मराठी एकपात्री अभिनयाची. तिने निवडलं होतं 'ती फुलराणी'तलं मंजुळाचं स्वगत. शाळकरी मराठी मुलगी रंगमंचावर चढली की बहुधा तेच निवडते, मग ती दादरची असो की रायपूरची. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी कागदावर लिहिलं : आवेश उत्तम, उच्चार हिंदी वळणाचे, मेहनत हवी.

उच्चार हिंदी वळणाचे आहेत, हे खरंच आहे. हिंदी शाळेत वाढलेल्या मुलांचा 'च' सगळीकडे 'चहा'तला असतो, 'चमच्या'तला त्यांच्या जिभेवर चढत नाही. 'ळ'चा 'ल' होतो, म्हणजे मंजुळाची मंजुला होते. आमच्या घरात 'काय करून राहिली?' असंच विचारतात, कारण माझी आजी नागपूरची आणि सासर तीन पिढ्या इथलं. तेलीबांध्याला राहतो आम्ही, तलावाच्या जवळ. त्या तलावाकाठाला आता सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात, यावर मुंबईकरांनी हसायला माझी हरकत नाही.

हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. ते स्वगत बोलणारी पोरगी एका भाषाशास्त्राच्या प्राध्यापकावर दातओठ खात असते. तिची जीभ अशुद्ध आहे म्हणून त्याने तिला माणसांतून उठवलेलं असतं. आणि समोर परीक्षकाच्या खुर्चीवर तोच बसलेला! मंजुळा अशुद्धच बोलते ना? मग माझ्या मुलीचं अशुद्ध का चाललं नाही? कारण ते चुकीच्या गावचं होतं. मराठी रंगभूमीला अशुद्धसुद्धा शुद्धच हवं असतं, मुंबईत पास झालेलं, १९७५ साली ध्वनिमुद्रित झाल्यासारखं.

१९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'चं 'ती फुलराणी' केलं. भक्ती बर्वे मंजुळा झाल्या आणि सतीश दुभाषी प्राध्यापक जहागीरदार. त्यानंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष अशा अनेकींनी ही भूमिका केली, पण प्रत्येकीला पहिल्या मंजुळेशी ताडून पाहिलं गेलं. भक्ती बर्व्यांवर गेल्या पंचवीस वर्षांत मराठीत जे लिहिलं गेलं आणि माझ्या वाचनात आलं, त्याचा सांगाडा ठरलेला आहे. एक परिच्छेद स्वगतावर, एक १२ फेब्रुवारी २००१ च्या अपघातावर, मध्ये 'चतुरस्र', 'अष्टपैलू' ही भरताड. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्या गेल्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. शेवटपर्यंत करत असलेल्या त्यांच्या कार्यक्रमाचं नाव होतं 'पु. ल., फुलराणी आणि मी'. त्या नावात 'मी' तिसरी आहे. आम्ही लिहिताना तीही गाळून टाकतो.

गाळतो काय? तर धंदा. भक्ती बर्वे आवाजाच्या धंद्यातल्या बाई होत्या. जन्म सांगलीचा, १९४८ चा. आकाशवाणीवर निवेदन केलं, आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर तिथे बातम्या वाचल्या. त्या काळच्या बातम्या म्हणजे प्रमाण मराठीचा रोजचा पाठ. घरोघरी लोक त्या उच्चारांकडे पाहून आपली जीभ नीट करत. म्हणजे शिवाजी मंदिरात बसलेल्या प्रेक्षकाला समोरच्या बाईचा खरा आवाज आधीच ठाऊक होता. नाटकात मंजुळा तळापासून वर चढते, पण नटीचा प्रवास उलटा होता. तिला जहागीरदाराच्या जिभेवरून मंजुळेच्या जिभेवर उतरायचं होतं, तेही प्रत्येक प्रयोगात, शेकडो वेळा. पहिल्या अंकातली मंजुळा ही तिची मिळकत होती. शेवटच्या अंकातली मंजुळा तर ती घरूनच घेऊन आली होती.

हे कौशल्य थोर आहे, आणि त्याचा अभ्यास व्हायला हवा होता. कुठला स्वर तिने दाबला, कुठला सोडला, हसू कुठे येऊ दिलं आणि कुठे अडवलं? अनुवादक म्हणून मला यात रस आहे, कारण कॉकनीचं मराठी करताना पुलंनी कागदावर अर्धंच काम केलं. उरलेलं अर्धं एका बाईने तोंडात केलं. नाटकाच्या पुस्तकावर 'रूपांतर' या शब्दापुढे एकच नाव छापतात. मी वीस वर्षं अनुवाद करते आहे, नाव न छापलं जाण्याची चव मला माहीत आहे. म्हणून हे जरा लागतं.

तुलनात्मक साहित्य शिकवणारे लोक (मी त्यांच्याच हाताखालची) 'पिग्मॅलियन'च्या प्रवासाबद्दल भरभरून बोलतात. हे नाटक इंग्रजीत होण्याआधी जर्मनमध्ये झालं, ऑक्टोबर १९१३ मध्ये व्हिएन्नाला, हा आमचा आवडता किस्सा. मूळ कृतीच्या आधी अनुवाद! त्यानंतर एप्रिल १९१४ मध्ये लंडनला. पण तिथे एलायझा कोण होती? मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल. वय ४९, उच्चभ्रू शोकांतिकांची राणी. शॉने भूमिका लिहिली ती तिच्यासाठीच. म्हणजे लंडनलाही फुलवालीची जीभ वरून खाली उतरलेली. १९५६ मध्ये संगीतिका झाली, ज्युली अँड्र्यूजने गाजवली. १९६४ मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा ऑड्री हेपबर्नला घेतलं आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या गळ्यातून म्हणवून घेतली. एका मुलीला आवाज सापडतो अशी गोष्ट, आणि नायिकेचा आवाज काढून टाकलेला. ज्या निक्सनबाईने तो दिला तिचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. यापुढे आमच्या मंडळाने पाच गुण कापले त्याचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

आता त्याच १९७५ च्या सुमारास माझ्या शहराच्या अंगणात काय चाललं होतं, ते सांगते. हबीब तनवीर रायपूरचे, जन्म १९२३ चा, पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातली. हा भाग तेव्हा नागपूरसकट एकाच प्रांतात होता, हे आम्हीच विसरलो आहोत. १९५५ मध्ये ते लंडनला राडात अभिनय शिकायला गेले आणि अभ्यासक्रम अर्धवट सोडून बाहेर पडले. अभिनय बोलीपासून सुटा करता येत नाही, हे त्यांना तिथे उमगलं. तरी देशात आल्यावर नाचाच्या कलावंतांकडून ते बरीच वर्षं हिंदी बोलवून घेत राहिले. मग आपली चूक त्यांनी उघडपणे कबूल केली. माणसं स्वतःच्या भाषेत वाघ होती आणि माझ्या भाषेत लंगडत होती, अशा आशयाचं. १९७३ मध्ये रायपूरला नाचाची कार्यशाळा झाली आणि तिथून पुढे छत्तीसगढी उघडपणे रंगमंचावर आली. 'चरणदास चोर' त्यातूनच उभा राहिला. त्यातली राणी केली फिदाबाईंनी. फिदाबाई नाचातून आलेल्या. त्यांना कुठल्या जिभेवर उतरायचं नव्हतं आणि कुठल्या जिभेवर चढायचंही नव्हतं. १९८२ मध्ये हे नाटक एडिनबरोला गेलं आणि फ्रिंज फर्स्ट घेऊन आलं, त्याच छत्तीसगढीत. स्कॉटिश प्रेक्षकांनी उच्चाराचे गुण कापले नाहीत.

मी हबीबसाहेबांची आरती ओवाळत नाही. मंडळी त्यांची होती, पाटीवर नाव त्यांचं होतं, आणि फिदाबाईंची वाक्यं किती जणांच्या तोंडून जुळत गेली याचा हिशेब त्यांच्याही पुस्तकांत अपुराच आहे. पण निदान भाषेच्या बाबतीत खुर्ची त्यांनी स्वतः रिकामी केली होती.

आणि इथे एक गोष्ट मला सतत टोचते. १९७५ मध्येच श्याम बेनेगलांनी 'चरणदास चोर'चा चित्रपट केला, बालचित्र समितीसाठी. नया थिएटरची माणसं त्यात आहेत. पण पडद्यावरची राजकन्या फिदाबाई नाहीत, ती स्मिता पाटील आहे. म्हणजे पुन्हा मुंबई दूरदर्शनची वृत्तनिवेदिका! स्मिता पाटीलबद्दल माझ्या मनात काडीचा राग नाही. ती अवघ्या एकतीस वर्षांत जे करून गेली त्याला तोड नाही. एकाच वर्षी बातम्या वाचणाऱ्या दोन मराठी मुली, एक मुंबईच्या मंचावर फुलवाली, दुसरी छत्तीसगढच्या गोष्टीत राजकन्या. दोघींच्या जागी ती भाषा जन्मजात असणारी बाई असती तर? रंगमंचावर ती होती, हे आम्हाला ठाऊक आहे. पडदा आला तेव्हा तिला बाजूला व्हावं लागलं. मराठीत स्मितावर चरित्रं आहेत, विशेषांक आहेत, असायलाच हवेत. रायपूरच्या मराठी घरांत फिदाबाईंचं नाव विचारा. मी विचारलं आहे. एका काकूंनी विचारलं, 'पंडवानीवाली का?' ती तीजनबाई.

भक्ती बर्व्यांचं आमच्याकडे थोडं वेगळं झालं. माझ्या हिंदी मैत्रिणींना त्यांचा चेहरा पक्का माहीत आहे आणि नाव मुळीच माहीत नाही. 'जाने भी दो यारों'तली संपादिका, शोभा सेन, १९८३. ती रेशमी, हिशेबी हिंदी आठवा. प्रत्येक वाक्य मऊ, प्रत्येक वाक्याखाली सुरी. मंजुळेच्या बरोबर उलट टोकाचं काम, आणि तरी कारागिरी तीच : माणूस कसा बोलतो यावरून तो कुणाला विकला गेला आहे ते दाखवणं. 'आई रिटायर होतेय'मध्ये त्यांनी घरकाम हे काम आहे म्हणून निवृत्ती मागणारी बाई केली. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे सगळं एका रांगेत ठेवून पाहिलं तर एक कारकीर्द दिसते, बोलण्याची आणि दर्जाची सांगड कशी घातली जाते याचा वीस-पंचवीस वर्षांचा पाठपुरावा. आम्ही त्यातून एक स्वगत कापलं आणि शाळांत वाटलं. तेसुद्धा कशासाठी? मुलींनी स्वच्छ उच्चार करावेत म्हणून!

प्रतिवाद मला माहीत आहेत. एक असा की प्रमाण भाषा नसेल तर विनोदच होणार नाही, सगळी गंमत फरकात आहे. बरोबर. पण फरक कुणापासून मोजायचा ते ठरवणारा नेहमी तोच का? दुसरा असा की परप्रांतात मराठी टिकवायची तर कडक राहावं लागतं. याला मी बरीच वर्षं मान डोलावली. लेकीला मीच दर रविवारी 'चमचा, चाक, चटका' म्हणायला लावत होते, हेही लिहून टाकते. पण टिकतं काय, ते पाहा. भोसल्यांबरोबर इथे मराठी आली, तात्यापारा वसला, अडीचशे वर्षं झाली. इतकी वर्षं जी टिकली ती 'करून राहिले'वाली मराठी, छत्तीसगढी बाजारात भाजी घेणारी, हिंदीत भांडणारी. पुण्याची मराठी आमच्याकडे दर वर्षी पाहुणी येते, हार घेते, गुण कापते आणि आझाद हिंद एक्स्प्रेसने परत जाते.

स्पर्धेनंतर महिन्याभराने इथल्याच एका हिंदी नाट्यसंस्थेने मला विचारलं, 'पिग्मॅलियन' हिंदीत करून द्याल का, रायपूरचंच करू, फुलवाली तेलीबांध्याच्या चौकात बसणारी, छत्तीसगढी बोलणारी. मानधन चांगलं होतं. मी आठवडाभर पहिला प्रवेश लिहीत बसले. वाक्यं छान जुळत होती, हसू येत होतं, आणि हसू येत होतं हेच वाईट होतं. सभागृहात मागे बसलेली निम्मी माणसं तीच भाषा बोलणारी असणार. भूमिका कोण करणार, असं मी विचारलं. एका प्रसिद्ध निवेदिकेचं नाव आलं. छत्तीसगढी शिकून घेईल म्हणाले, फार मेहनती आहे.

मी नाही म्हटलं नाही, अट घातली. फुलवाली छत्तीसगढीभाषक नटीने करायची, आणि तिने तालमीत जी वाक्यं बदलली ती छापताना 'अनुवाद' या शब्दापुढे तिचंही नाव यायचं. त्यांना पहिली अट चालली. दुसरीवर, 'मैडम, ऐसा होता नहीं है.' होत नाही, हे मलाही माहीत आहे. प्रवेश माझ्या टेबलावर तसाच आहे.

लेकीने यंदा पुन्हा नाव द्यायचं ठरवलंय, मंजुळाच करणार म्हणते. मी विचारलं, च आणि ळ? ती म्हणाली, या वेळी मंजुळा रायपूरची आहे, असं आधीच सांगून टाकीन. मंडळाच्या अर्जात तशी जागा नाही. तिने समासात लिहिलं आहे.