शाहूंचे नाव, दारिद्र्याचा दाखला

जिवंतपणी उपेक्षा आणि मरणोत्तर गौरव ही महाराष्ट्राची जुनीच खोड आहे. विठाबाई नारायणगावकर २००२ साली विपन्नावस्थेत गेल्या. पुढे त्यांच्याच नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला!

वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि मानधन सरसकट मासिक ५,००० रुपये झाले. वाढ स्वागतार्हच; पण अटी पाहाव्यात. वयाची पन्नाशी उलटलेली हवी, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत हवे. विरारच्या मनवेलपाड्यातील एखाद्या पखवाजवादकाने कलेचे पुरावे जोडायचे ते जोडायचेच, वर तहसीलदाराकडून आपल्या दारिद्र्यावरही शिक्का मारून आणायचा. इतके करून जिल्ह्यात वर्षाकाठी नवे लाभार्थी फक्त १००. वसई-विरारची अफाट वस्ती आणि जव्हार-मोखाड्याचे तारपावादक यांनी त्याच शंभरांत मावायचे. लहान जिल्ह्यालाही शंभर, पालघरलाही शंभर. हा कुठला न्याय?

कोल्हापूर दरबारी अल्लादियाखाँना आश्रय मिळाला तो गायकी पारखून, उत्पन्न मोजून नव्हे. त्या आश्रयात शिष्य घडले, घराणे उभे राहिले. शाहूंचे नाव मिरवणाऱ्या या योजनेत शिष्याला जागाच नाही. वादकाचे हात थकल्यावर पैसा येणार; तोवर त्याच्याकडे शिकू पाहणारा मुलगा कारखान्यात रुजू झालेला असतो. मानधन घेणाऱ्या प्रत्येक गुरूमागे निदान एका शिष्याला विद्यावेतन देणे शासनाला खरोखरच जड आहे काय?